श्रावणातले टाके

"टाके भिजवू नका, खपली ओरबाडू नका, आणि सोमवारी काढायला या. पुढं ढकलू नका, प्रयागकाकू."

बारामतीच्या प्रतिक्षा सिस्टरचा हा आवाज वडापच्या जीपमधून काटेवाडीत उतरेपर्यंत कानात होता. घरी येऊन पंचांग बघितलं, तर सोमवारी नागपंचमी.

म्हशीला गवत कापताना विळा माझ्या नडगीवर बसला होता, त्याचे हे टाके. नागपंचमीला आमच्यात चिरत नाहीत, कापत नाहीत. मग कात्रीपुढं पाय कसा धरू?

"तुझ्या नडगीत नाग शिरलाय व्हय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

नेम म्हणजे नेम, असं मी हळूच सांगितलं. माझा आवाज मुळातच हळू, त्यामुळं माझी पळवाटसुद्धा सात्त्विक वाटते. खरं तर कातडीतून धागा ओढायचा, याचीच मला धास्ती होती. मंगळवारी कात्री लावू नये म्हणून राहिले. बुधवारी बुध-बृहस्पतीची पूजा. भित्र्या बाईला श्रावणात मोकळा वार सापडतच नाही.

बुधवारी संध्याकाळी बघते, तर टाक्यांभोवती लाल झालेलं आणि एक गाठ कातडीत रुतलेली. चालताना ओढ बसायची. महादेवाच्या प्रदक्षिणा मी पायरीवर बसून मनातच घालत होते. पाय पिकला तर तेवढ्या पायरीपर्यंत तरी कशी जाणार? घाबरून शेजारच्या करिमाकडं गेले. ती ब्लाऊज शिवते.

"तुझी बारीक कात्री हाय ना? तूच काढ की गं."

"वयनी, मी ब्लाऊज उसवते. तितं चुकलं तर नवं कापड मिळतं. तुमचं कातडं कुठनं आणू?" ती म्हणाली. "उद्या चला. मी येते संगं."

गुरुवारी बारामतीत एसटीडी बूथशेजारच्या दवाखान्यात सिस्टर रागावल्या नाहीत. "आज कोणाचा वार?" एवढंच विचारलं.

"दत्ताचा."

"मग त्यांना उशाशी बसवा आणि आडव्या व्हा."

त्यांनी हात धुतले, ओल्या बोळ्यानं खपली मऊ होईपर्यंत भिजवली. चिमट्यानं गाठ उचलून तिच्याखाली, अगदी कातडीलगत, धागा कापला. मी डोळे मिटून नामस्मरण धरलं. दोन-तीन नावं होतात तोवर धागा ताटलीत. मुंगी चालल्यासारखं वाटलं, बस. दुखलं ते करिमाला, कारण मी तिचा हात इतका आवळला की बांगडी पिचली.

"वयनी, माझं मनगट सोडा आता. त्याला टाके न्हाईत."

सिस्टरांनी एकाआड एक टाके काढले आणि थांबल्या. "लाली ताणाची आहे, पू नाही. पण मधे जखम अजून नीट धरली नाही. उरलेले शनिवारी. याल ना?"

"येते," मी म्हटलं. या वेळी पंचांग आठवायच्या आत म्हटलं.

शनिवार उजाडला. माझ्या माहेरच्या रीतीनं शनिवारी अंगाला लोखंड लावत नाहीत. ओट्यावर हे कुंडलिकभावजींना सांगत होते, "आज शनिवार. आमची बाई कुटली जातीय दवाखान्यात? आज तिचं लोखंड बंद."

दोघं हसले. त्यांचं चूक नव्हतं, म्हणून मीही आत जरा हसले. देवापुढं दिवा लावला, साबुदाणा झाकून ठेवला. मग चपला हातात घेतल्या, मागचं दार ओढलं आणि वडाप थांबतं त्या फाट्याकडं निघाले.