उंबऱ्याबाहेरची माया

रविवारी सकाळी सोलापुरातल्या एका छोट्या घरासमोर जीप थांबली आणि जोतिराम लगबगीने दारात आला. जीपमधून अकरा माणसे उतरली. पुढे त्याची आई अंबुबाई. एका हातात शहाळी, दुसऱ्या हातात भंडाऱ्याची पुडी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायचे ते असेच. न जाणारा माणूस निष्ठुर ठरतो.

आत, बंद खोलीत, जोतिरामची पत्नी प्रियदर्शनी होती. गणिताची ही तरुण शिक्षिका. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराने दोन वर्षांत तिच्या हाती काठी दिली. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जासंस्थेवर उलटली. पाय जड झाले, बोटांतून खडू निसटू लागला, औषधे एकेक करून हरली. अखेर पुण्यात मूलपेशी प्रत्यारोपण झाले. तिच्याच रक्तातील मूलपेशी काढून जपल्या, तीव्र औषधांनी बिथरलेली प्रतिकारशक्ती पुसली आणि त्याच पेशी तिला परत दिल्या. नवी शक्ती अजून अंकुरत होती. तोवर साधी सर्दीही जिवावर बेतू शकत होती. डॉक्टरांनी बजावले होते : काही महिने गर्दी नको.

पण आईपुढे 'नको' म्हणणे जोतिरामला कधी जमलेच नव्हते. "आई, डॉक्टर म्हणालेत..." एवढे पुटपुटून तो दारातून बाजूला सरकू लागला.

"ईनबाई, थांबा!"

आवाज अंगणातल्या कडुलिंबाखालून आला. प्रियदर्शनीचे वडील धुळाप्पा घोंगडीवर बसले होते. सांगोल्याकडे मेंढरे राखणारा हा म्हातारा, लेक दवाखान्यातून घरी आल्यापासून बारा दिवस तिथेच होता.

"पाव्हणं, लेकीचा बाप असून भाईर बसलाय व्हय?" अंबुबाईने टोमणा मारला. "आमच्या घरात काय काटं पेरल्यात?"

"न्हाय ओ. मी मेंढरातला माणूस, अंगावर रानाची धूळ. काचंआडनं बोलतो लेकीसंगं. आजून उंबरा वलांडला न्हाय."

अंबुबाई चपापली. "बारा दिस? हात बी लावला न्हाय लेकीला?"

"न्हाय." म्हाताऱ्याने क्षणभर खिडकीकडे पाहिले. "राखणीचं कुत्रंच मेंढरांस्नी फाडाया लागलं, तर काय करता ईनबाई?"

"घालवायचं त्येला. दुसरं आणायचं की."

"डाक्टरनं त्येच केलंय. चावरं कुत्रं घालवलं. पर नवं पिल्लू आजून डोळं उघडंना. आशात लांडगा आला तर? आन् त्यो काय लांडगा म्हणून येतोय? तुमच्या खोकल्यातनं येईल, माझ्या घोंगडीतनं येईल, मायेच्या हातातनं येईल!"

मागे उभा असलेला जोतिरामचा सयाजीकाका नेमका तेव्हाच खोकला. सगळ्यांनी वळून पाहिले.

"तंबाकू लागली ओ घशाला," तो ओशाळून म्हणाला.

"पर लोक काय म्हणतील? सासू बघाया बी गेली न्हाय!" अंबुबाई म्हणाली.

"म्हणू द्या की. लोकांच्या बोलण्यानं ताप येत न्हाय."

इतक्यात काचेआडून प्रियदर्शनीचा क्षीण आवाज आला, "आत्याबाई, मला लई जगायचंय ओ."

जोतिराम वळला. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून तो ताठ उभा राहिला. "आई, आज कुणीही आत जाणार नाही!"

अंबुबाईने मुलाकडे पाहिले, मग त्या म्हाताऱ्याकडे. तिने भंडाऱ्याची पुडी पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली. "पोरी, तू चालत भाईर येशील तवाच ही सुटंल!" आणि मागे वळून ओरडली, "चला रं, बसा जीपमदी! सयाजी, तू आदी!"

पुढचे महिने एकाकी होते. काचेला आतून एक तळहात टेके, बाहेरून एक खरखरीत तळहात. भेटायला निघालेल्या प्रत्येकाला अंबुबाईच फोनवर अडवू लागली.

हा उपचार प्रत्येक रुग्णाला लागू पडत नाही; त्यात धोकाही असतो. पण आठ महिन्यांनी तपासणी झाली आणि प्रियदर्शनीचा आजार थांबला होता! डॉक्टरांनी दार उघडायला परवानगी दिली.

काठी खोलीतच ठेवून ती तीन पायऱ्या उतरली आणि लिंबापर्यंत चालत आली. धुळाप्पाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. अंबुबाई पदराची गाठ सोडू पाहत होती, पण अश्रूंमुळे तिला काही दिसेना.

"द्या इकडं, आत्याबाई."

ज्या बोटांत खडू ठरत नव्हता, त्याच बोटांनी प्रियदर्शनीने ती गाठ सोडवली!

मित्रहो, उशाशी गर्दी करणे म्हणजेच माया नव्हे. आजाऱ्यासाठी कधी कधी उंबऱ्याबाहेर थांबावे लागते, आणि त्यासाठी अधिक मोठे काळीज लागते.