बचावासाठी एक मुलगी हवी

उन्हाळ्यात माझ्या बायकोशी बोलायचं म्हणजे बास्केटबॉलबद्दल बोलायचं, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी पाटबंधारे खात्यातला माणूस. २०१६च्या त्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी जात असताना, पाटबंधारे खात्यात असणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. टँकरखाली बादली लावली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "श्रीरंगराव, तुमच्या धरणातलं का हे?" मी वरवर हसायचो आणि घरी येऊन कालिंदीवर चिडायचो. ती ऐकायचीच नाही. तिचं डोकं मैदानात असायचं.

मैदान म्हणजे पुंडलिकनगरातल्या आमच्या कॉलनीची मोकळी जागा. कालिंदीनं नगरसेवकापासून देणगीदारापर्यंत सगळ्यांच्या मागं लागून तिथं सिमेंट करून घेतलं, दोन खांब रोवून घेतले आणि मुलींचा संघ उभा केला. आम्ही घर बांधलं तेव्हा मागच्या बाजूला ज्वारी डोलायची. नंतर तिथं प्लॉट पडले, बंगले झाले, बंगल्यागणिक बोअर झाला आणि बघता बघता सगळे बोअर कोरडे पडले. मग कॉलनीच्या बैठकीत ठराव आला की टँकरचं पाणी साठवायला मोठा हौद हवा, आणि हौदाला जागा एकच आहे, ती म्हणजे मैदान.

कालिंदी ताडकन उठली. "यंदा शहर करंडक आणला तर?"

अध्यक्ष अप्पाराव मुळात भला माणूस. त्यांची नात पूर्वी कालिंदीकडंच खेळलेली. ते म्हणाले, "कप आना मॅडम, मग बघतो मी कोण खोदतंय ते. पन नाय आला तर मला बोल लावू नका. लोकं माझ्या दारात घागरी आपटायलेत."

म्हणजे करंडक आला तर मैदान राहणार, नाहीतर हौद. सरळ हिशोब होता.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. आमच्या पोरींमध्ये सई नावाची एक मुलगी होती. आमच्या मागच्या गल्लीत राहायची, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या हातात चेंडू गेला की लोक उभे राहायचे. ती भरपूर गुण करायची, पण पलीकडच्या मुली आमच्यावर त्याहून जास्त करायच्या. आदल्या वर्षी असंच हरलो होतो. "बास्केट टाकणाऱ्या आहेत हो माझ्याकडे," कालिंदी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अडवणारी कुणी नाही. मला बचावासाठी एक मुलगी हवी." पोळी करपायची, तिला पत्ता नसायचा.

स्पर्धेचा नियम असा होता की कुठल्याच क्लबात नसलेली एक मुलगी बाहेरून घेता येते. एकच. कालिंदीनं निरोप पाठवले आणि दोघी चाचणीला आल्या.

पहिली मृण्मयी. वडिलांची पुण्याहून वाळूजच्या कंपनीत बदली झालेली. बूट भारी, बोलणं गोड, आणि लांबून चेंडू टाकायची तो जाळीला स्पर्श करून आत. दुसरी सोनिया, लासूर स्टेशनची. वडील धान्याच्या मोंढ्यात अडत दुकानात कामाला. पॅसेंजरनं आली होती आणि पॅसेंजरनंच परत जाणार होती. अंगापिंडानं बारीक, उंचीही बेताची. कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडं नळ रोज येत नसे. तीन दिवसांनी, कधी चार दिवसांनी यायचा, तोही पहाटे केव्हातरी. त्या दिवशी घरोघर ड्रम, पिंप, पातेली, अगदी लोट्यासुद्धा भरायच्या. म्हणून नळाच्या दिवशी कुणी कुणाला काही विचारत नसे. पोरगं शाळेत पेंगलं तर मास्तर रागवत नसत. भाजीत मीठ पडलं नाही तर मी बोलत नसे. हपिसात साहेब घड्याळाकडं न बघता विचारायचे, "नळ होता का?" की विषय संपला. कॉलनीतला हा अलिखित कायदाच होता.

चाचणी नेमकी नळाच्या दिवशी आली.

कालिंदीनं दोन गट पाडले आणि सोनियाला सांगितलं, "तू सईला धर." नव्या मुलीची परीक्षा व्हावी म्हणून तिनं मुद्दाम सगळ्यात अवघड काम दिलं. मी पायरीवर बसून बघत होतो. सगळ्यांसारखं मीही चेंडूकडंच बघत होतो आणि चेंडू बहुतेक वेळ मृण्मयीकडं होता. एकामागून एक बास्केट. कॉलनीतल्या बायका पदर कमरेला खोचून टाळ्या वाजवत होत्या.

आणि सई? सई त्या दिवशी मैदानात होती की नव्हती असा प्रश्न पडावा. तिच्याकडं चेंडू येत नव्हता. आला तरी ती टाकत नव्हती, वैतागून परत देत होती. दोनदा टाकला तो खांबाच्या आसपाससुद्धा गेला नाही. कालिंदीचा चेहरा उतरला.

खेळ थांबल्यावर तिनं सईला जवळ घेतलं. "पहाटेपासून पाणी भरतेयस ना?"

"हो ना ताई. आईची पाठ धरलीय. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं मीच नेलं."

"तरीच," कालिंदी म्हणाली. मीही मान डोलावली. पोर दमलेली होती हे खरंच होतं, यात कुणी खोटं बोलत नव्हतं.

संध्याकाळी कालिंदी माझ्यासमोर बसली. डोळ्यांत काळजी. "अहो, अंतिम सामना नळाच्या दिवशी आला तर? सई अशीच दमली तर माझ्याकडे गुण करणारं कोण?"

"तुला तर अडवणारी हवी होती."

"हवी होती. पण ती लासूरची पोर... वाईट नाही हो. पळते छान. पण तिनं केलं काय? सई आज बसल्या जागी पडली असती, तिला कुणीही अडवलं असतं." तिनं वहीत एका नावापुढं खूण केली. "मृण्मयीला घेते."

इतके दिवस बचाव बचाव म्हणून माझं डोकं खाल्लेल्या बाईनं आणखी एक बास्केट टाकणारी निवडली. मला हसू आलं होतं. आज ते हसू आठवलं की स्वतःचीच शरम वाटते. सोनियाला तिनं स्वतः फोन केला. पोर फक्त "बरं मॅडम" म्हणाली.

पंधरवड्यात कळलं की आमच्याच शहरातल्या सातारा परिसर भागातल्या नव्या क्लबनं तिला घेतलं. त्यांची एक मुलगी पाय मुरगळून घरी बसली होती, म्हणून.

आमच्या मुलींनी त्या वर्षी धमाल केली. मृण्मयी आणि सई दोघी मिळून अशा सुटल्या की पलीकडच्या कितीही बास्केट झाल्या तरी आमच्या जास्तच व्हायच्या. कालिंदी रात्री शांत झोपू लागली. अप्पाराव रस्त्यात थांबवून म्हणायचे, "मॅडम, पोरी लई जबरदस्त खेळायल्या." खोदकामवाल्याला त्यांनी थोपवून धरलं होतं. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो आणि समोर सातारा परिसर.

नळ दोन दिवसांपूर्वी येऊन गेलेला. सामन्याच्या आदल्या रात्री कालिंदीनं सईला आमच्याकडंच झोपवलं होतं, सकाळी तिला शिरा खाऊ घातला होता. क्रीडा संकुलात आमची अख्खी कॉलनी आली होती. बायकांनी डब्यातून चिवडा आणला होता.

सामना सुरू झाला. मृण्मयीनं पहिल्याच मिनिटाला लांबून टाकला, आमच्याकडं शिट्ट्या. पण सई थंड. तिच्याकडं चेंडू जाईना, गेला तर तिला हलता येईना. आमच्या मागची एक बाई म्हणाली, "आज काय नळ होता का गं?" कुणी हसलं नाही. नळ नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं.

मी कालिंदीकडं बघितलं. तिनं चेंडूचा नाद सोडला होता. ती फक्त सईकडं बघत होती आणि सईच्या पुढ्यात असलेल्या त्या बारक्या पोरीकडं. सोनिया हात पसरून, गुडघे वाकवून, सईच्या आधी सरकत होती. धक्का नाही, ओरडणं नाही. ती काही करतेय असं वाटतच नव्हतं.

कालिंदीनं खेळ थांबवून सगळ्यांना बोलावलं. मी कठड्यापर्यंत खाली गेलो होतो, मला ऐकू आलं.

"सई, काय होतंय बाळा?"

सई रडकुंडीला आली होती. "ताई, मी जिथं जाते तिथं ती आधीच उभी असते. चाचणीच्या दिवशी पण अशीच होती."

कालिंदीनं पाण्याची बाटली उचलली. झाकण उघडलं, परत लावलं. तिचा चेहरा मी लग्नाच्या इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता. मग तिनं भराभर डाव बदलला, सईला बाजूला ठेवून इतरांना पुढं केलं आणि पोरींनी जीव तोडून भरपाई केली. पण अडवणारं आमच्याकडं कुणी नव्हतंच. आम्ही तीन गुणांनी हरलो.

अप्पाराव तिच्याजवळ आले. "मॅडम, पोरी वाघिणीवानी खेळल्या. पन मी आता लोकांना काय सांगू?"

"तुमचं बरोबर आहे," कालिंदी म्हणाली. "लोकांना पाणी हवंय. खोदा."

त्यांना उलट वाईट वाटलं. ते मान खाली घालून निघून गेले. मी तिचा खांदा धरला तर ती म्हणाली, "अहो, ती माझ्यासमोर होती. मी जे मागत होते ते देवानं लासूरहून गाडीत बसवून पाठवलं होतं. आणि मी नळाला दोष देऊन बसले." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मलाही रडू येत होतं, आणि ते मैदान गेलं म्हणून नव्हे.

तेवढ्यात सोनिया आली. गळ्यात पदक, हातात पिशवी, गाडीची घाई. कालिंदीच्या पाया पडली.

"मॅडम, एक इचारू का? त्या दिवशी माझं काय चुकलं व्हतं? मी घरी जाऊन लई इचार केला. मला वाटलं, मी चांगली खेळले. सांगा ना, मी सुधारते."

"तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"मग?"

कालिंदीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "तू चांगली खेळलीस, सोनिया. मलाच दिसलं नाही."

पोरीचा चेहरा असा काही उजळला की बघवेना. पदक मिळाल्यावरही ती एवढी हसली नव्हती. "व्हय? मग काय नाय मॅडम. ह्यांच्याकडची पोरगी आता बरी झालीय, मी मोकळीच हाय. पुढल्या साली तुमच्याकडं येऊ का? मला तुमचं शिकवणं आवडलं व्हतं त्या दिवशी."

कालिंदीनं आजवर कुठल्याही मुलीला खोटी आशा दाखवली नव्हती. त्यावरून तिची किती जणांशी भांडणं झाली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या पोरीकडं.

"ये," ती म्हणाली. "नक्की ये."

कुठं ये, हे तिनं सांगितलं नाही. सोनियानंही विचारलं नाही, तिला मैदान माहीत होतं.