खिडकीतली बाई

पिवळा झेंडा उंच करून गाइडने वरच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. खिडकी बंद होती.

"हीच ना ती वाट पाहणारी बाई?" कॅमेरा सरसावलेल्या एका छत्रीवाल्या बाईंनी विचारलं.

"खिडकी हीच. आज आराम करत असेल."

बेटावरच्या जुन्या बंदराची फेरी तो रोज काढायचा. तीच वाट, तेच विनोद, ठरलेल्या जागी तोच उसासा. गावाने त्याला पोपट म्हणायला सुरुवात केली ती उगाच नव्हे. तटबंदी झाली, जकातघर झालं, की ही गल्ली. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत इथे एक म्हातारी रोज बसते, असं तो सांगायचा. लोक हळहळायचे, हात हलवायचे. वरून तीही हलवायची. ती आपली आई आहे, एवढं मात्र तो सांगायचा नाही.

गुडघे दुखत असताना जिना कशाला चढतेस, म्हणून तो तिच्यावर चिडायचा. वर वारा छान येतो, असं ती म्हणायची. आज सकाळी फोनवर तिचा आवाज जरा ओढल्यासारखा वाटला होता. "काही नाही रे," ती म्हणाली आणि त्यानेही ते सोयीने खरं मानलं.

विहिरीपाशी त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दीपगृहाखाली पुन्हा लावला, पुन्हा तेच. दीपगृहाचा दगड कुठला, असं एक निवृत्त मास्तर विचारत होते.

"इथलाच," त्याने ठोकून दिलं.

डोळ्यांसमोर न्हाणीघराची ओली फरशी होती. मागे एकदा ती तिथेच घसरली होती. सगळ्यांना टाकून पळत सुटावं असं त्याला वाटलं; पण परतीची लाँच कुणासाठी थांबत नसे आणि या लोकांना धक्क्यावर नेणारं दुसरं कोणी नव्हतं.

"गाइडसाहेब, बरं नाही का तुम्हाला?" छत्रीवाल्या बाईंनी विचारलं.

"उन्हाचा त्रास," तो म्हणाला. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

लाँच सुटली तसा तोही सुटला. दार नुसतं लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात बसली होती, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून.

"फोन का उचलत नाहीस?" तो ओरडलाच.

"वर राहिलाय. झाडायला गेले होते, उतरताना गुडघा धरला. पुन्हा चढवेना." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "एवढा धापा टाकतोयस कशाला? आहे मी अजून."

तो तिथेच जमिनीवर बसला.

"काल तुझी एक पाहुणी आली होती दारात," आई म्हणाली. "माझा हात धरून रडली. म्हणे, येतील हो ते. मला वाटलं, गॅसवाल्याचं बोलतेय."

त्याने मान खाली घातली.

"तुझे बाबा होडीत पाय ठेवला की ओकायचे. त्यांना कशाला पाठवलंस समुद्रावर?"

"लोकांना आवडतं गं."

"आवडू दे बापडं. जा, वरून माझा फोन आण. आणि चष्मा."

वरच्या खोलीत आपण शेवटचे कधी आलो, हे त्याला आठवेना. तो यायचा तो खालूनच परत जायचा. खुर्ची खिडकीला लावलेली होती. त्याने खिडकी उघडली आणि खुर्चीत बसला.

समोर बर्फाच्या कारखान्याची भिंत होती, थेट छपरापर्यंत. ती त्याने खालून रोज पाहिली होती. समुद्र दिसत नव्हता. वाराही येत नव्हता. दिसत होता तो गल्लीचा तेवढा एक तुकडा: वळण, दिव्याचा खांब आणि खांबाजवळची जागा, जिथे तो रोज झेंडा घेऊन उभा राहायचा.

"सापडला का रे चष्मा?" खालून आईने हाक मारली.

चष्मा त्याच्या हातातच होता.

"शोधतोय," तो म्हणाला.