पाडव्याचा नारळ

लेकराला पदराखाली घेऊन सत्यवती बसली होती, पण तिचे कान घरातल्या बोलण्याकडे होते. पाडव्याची सकाळ. सासूने, काशीबाईने, नारळ सुपात आणून ठेवला.

"धोंडू, खोताच्या ओट्यार नारळ ठेय, जुनो कुणगो सोड, देतलो तो नवो घे."

गावची ही रीतच. भाताच्या एकाच कुणग्यात, म्हणजे खाचरात, कुळाला खोत दुसरं वर्ष टिकू देत नसे. टिकलं तर हक्क सांगेल! म्हणून कुणी बांध घालीत नसे, खत टाकीत नसे. "दुसऱ्याच्या पोराक कित्याक न्हाणयतंस?" म्हणत हसत. माती मात्र दर पावसाळ्यात खाडीला मिळे.

सत्यवतीचा नवरा धोंडू तेवढा वेडा निघाला. त्याने फुटका बांध दगडांनी रचला, पाला आणि माशांचं खत खड्ड्यात कुजवून कुणग्यात पसरलं. भात कमरेला लागलं. मग खोत आला, काठीने माती उकरली आणि हसला. ते हसू सत्यवती विसरली नव्हती.

"आये, कायदो इलोसा. कसतलो तेचीच जमीन, ग्रामसेवक सांगा होतो," धोंडू म्हणाला.

"ग्रामसेवक जातलो कणकवलेक! तुझा घर खोताच्या जमनीत आसा, ता इसरा नको."

सत्यवतीने पाळण्याकडे पाहिलं. त्याच्याखालची जमीनसुद्धा खोताचीच.

धोंडू नारळ घेऊन निघाला, तशी पोराला कडेवर घेऊन तीही मागोमाग गेली. ओट्यावर खोत सुपारी कातरत होता. "ये धोंड्या. तुझा कुणगा यंदा आमचा मुलगा कसेल. तू वरचा कातळ घे. तुझ्या हाताला गुण आहे, तिथंही पिकवशील!"

बसलेली माणसं हसली. धोंडू वाकला. इतक्यात सत्यवतीने त्याच्या हातातला नारळ ओढून घेतला.

"नारळ ठेवूचंव नाय."

"काय म्हणालीस?"

"कुणगो सोडूचंव नाय, बाबा. ती माती आमी केलंव."

अडकित्ता थांबला. "आणि घर गो?" खोताने अगदी हळू विचारलं.

कडेवरचं पोर रडू लागलं. ती वळली आणि चालू लागली. मागून धोंडूची पावलं ऐकू आली तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

कुणग्याच्या दगडी बांधावर तिने नारळ आपटला. पाणी मातीत जिरलं.

"आता गो?" धोंडूने विचारलं.

"आता खड्ड्यातला उरलेला खत पसर," पोराला छातीशी घट्ट धरत ती म्हणाली. "मी खोताच्या वाटेक नजर ठेवतंय."