न उलगडलेलं कातडं

माझं तोंड वाईट. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे मागनं कुणी नावं ठेवायला नकोत. ह्याच तोंडानं मी एका सज्जन माणसाला निपाणीच्या भर बाजारात चोर म्हटलं, आणि अठरा वर्षांनी त्याच माणसाच्या दारात मला जावं लागलं. गेले ते बरं झालं. न्हायतर आमच्या मालकांचा पाय आज जाग्यावर नसता.

मालक म्हंजे कृष्णात, माझा नवरा. जन्मभर शेरडामागं हिंडलेला माणूस. धा वर्षं झाली शुगर हाय. पायातली जाणच गेली, काटा मोडला तरी कळत न्हाय. दोन वर्षामागं बाभळीचा एक काटा आत राहिला, सडला, आणि बेळगावच्या दवाखान्यात उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. आमची लेक समता तिथंच नर्स हाय. तिनं बापाला तोंडावर सांगितलं, "आप्पा, परत अनवाणी हिंडलासा आणि जखम झाली, तर आता बोट न्हाय, पाय जाईल."

आता पायात घालायचं काय? बाजारची चप्पल चावती. लेकीनं शुगरवाल्यांचा मऊ बूट आणला, तर ह्यो बाबा म्हणतोय, "ते घातलं की मला दवाखान्यातच चालल्यागत वाटतंय." बूट माळ्यावर आणि बाबा अनवाणी शेरडामागं! मी रोज सांजच्याला पाय मांडीवर घेऊन काटं शोधायची आणि शिव्या द्यायची. शिव्या देताना डोळ्यांत पाणी यायचं, ते त्यांना दिसू देत नव्हते.

एकदा पाय बघता बघता ते हळूच म्हटले, "भरमूच्या कातड्याची चप्पल असती, तर घातली असती गं. ती कधी चावली न्हाय."

मी पाय खाली ठेवला आणि चुलीकडं गेले. 

भरमू शेजारच्या गावचा. ओढ्याकाठी त्याची कुंडं होती, कातडी कमवायचा. बाभळीची साल आणि हिरडा, दुसरं काही न्हाय. अठरा वर्षामागं आमची म्हस म्हातारी होऊन मेली. बायजी तिचं नाव. मी तीन दिवस जेवले न्हाय. तिचं कातडं भरमूकडं दिलं, म्हटलं घरादाराला चप्पल होतील. दोन महिन्यांनी बाजारच्या दिवशी तो गुंडाळी घेऊन आला. बघते तर काय, एवढीशी! माझी म्हस दरवाज्याएवढी आणि ही गुंडाळी काखंत मावंल अशी. मी तिथंच पेटले. "बदललंस व्हय रं, चोरा! माझ्या बायजीचं कातडं कुणाला इकलंस?"

त्यो एवढंच म्हटला, "तानाक्का, उलगडून तरी बघ. कमावलं की कातडं आकसतंय, तासलं की हलकं होतंय."

मी उलगडलं न्हाय. गुंडाळी त्याच्या पायावर फेकली आणि तरातरा निघून आले. सगळा बाजार बघत होता. त्यानंतर चार गावच्या लोकांनी त्याच्याकडं कातडी द्यायची बंद केली, असं कानावर आलं. मला तवा बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

तर आता त्याच्याच दारात. जत्रंला घरचा बोकड कापलेला, त्याचं कातडं मी मोठ्या शहाणपणानं पत्र्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. मिरच्या, पापड, सांडगं, समदं पत्र्यावरच वाळतंय, मग कातडं का न्हाय? पिशवीत घालून गेले.

भरमू उंबऱ्यावर बसलेला. पंचाहत्तरीचा, हात थरथरत होतं. मला बघून उठला, बसायला पोतं टाकलं. मी नमस्कार न्हाय, चमत्कार न्हाय, म्हटलं, "भरमाण्णा, कातडं आणलंय."

त्यानं कोपरा धरून वाकवला. कट्‌कन मोडला. "आक्का, हे भाजलं. ह्येचा पापड झाला."

एरवी ह्यावर मी त्याला पुरून उरले असते. पण त्या दिवशी पायाचं सगळं सांगून टाकलं. काटा, करंगळी, लेकीचं बोलणं. त्यानं मागचं एक अक्षर काढलं न्हाय. "पायाला आतनं मऊ लागंल असं पायजे," एवढंच बोलला. मग इचारलं, "आणखी बोकड हाय?"

"एक हाय." तो इकून गोठ्याचं पत्रं करायचं ठरलेलं. ते मी बोलले न्हाय.

"कापायच्या आधी जाडं मीठ घरात आणून ठेव. कातडं निघालं की लगेच आतनं चोळ, घडी घालून सावलीत ठेव, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं. ऊन दाखवू नको."

मीठ आणायला सन्मतीच्या दुकानात गेले. जैनाचं दुकान, कातड्याचं नाव काढलं तर त्याला जेवण जायचं न्हाय. त्यानं इचारलं, "धा किलो? लोणचं घालताय का काय, आक्का?" म्हटलं, "बाबा, तू इचारू नको, मी सांगत न्हाय." त्यो हसला आणि वर दोन मुठी जास्त घातल्या. देव त्याचं भलं करो.

बोकड कापला, कातड्याला मीठ चोळून दुसऱ्या दिवशी भरमूकडं नेलं. त्याची कुंडं कवाच बुजली होती. घरामागच्या परड्यात एक निळं पिंप उरलेलं. "हात तुझं, अंदाज माझा," तो म्हटला. आणि खरंच, पंचवीस दिवस मी रोज सकाळी भाकरी बांधून त्याच्याकडं जात होते. आधी चुन्यात घातलं. मग ओंडक्यावर टाकून केस खरवडलं. तो वास, बाई गं, आंघोळ करूनबी जाईना, मालक जेवताना लांब बसायचं. मग सात पाण्यांनी धुतलं. मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याचं पाणी, आधी फिकं, मग दाट. ज्या झाडाच्या काट्यानं माझ्या माणसाचं बोट नेलं, त्याच झाडाची साल मी मुसळानं कुटत होते. लई जोरानं कुटत होते. भरमू म्हटला, "आक्का, हळू. झाडाचा काय गुन्हा न्हाय."

तो पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, अजून साल घाल. एक दिवस कातड्याचा कोपरा कापून दाखवला, मधी पांढरी रेघ होती. "अजून कच्चं." चार दिवसांनी परत कापला, आरपार एकच रंग. मग करंजाचं तेल चोळून चोळून त्यानं मला ते ताणायला लावलं. शेवटी करडाच्या कानागत मऊ झालं. मी गालाला लावून बघितलं, आणि मला रडूच आलं.

त्या पंचवीस दिवसांत रोज म्हणायचं होतं, भरमाण्णा, माझं चुकलं. पण जन्मभर जी जीभ थांबली न्हाय, ती नेमकी तिथंच टाळूला चिकटायची. तो माझी भाकरी खायचा आणि म्हणायचा, "झुणका चांगला झालाय." बस्स. चुका काढायला मी मेली एवढी हुशार, आणि ह्या माणसानं माझ्याकडनं एक शब्द मागितला न्हाय.

चप्पल त्याच्या गल्लीतल्या यल्लाप्पानं शिवली. बाजारच्या दिवशी निपाणीत देतो म्हटला. मी मालकांना घेऊन गेले, भरमूबी आलेला. मालकांनी चप्पल पायात घातली, चार पावलं टाकली, परत आलं. करंगळीच्या जाग्यावर मी बोट घालून बघितलं, कुठं गाठ न्हाय, टाका न्हाय, निव्वळ मऊ. "चावती का ओ?" मी इचारलं. मालक हसलं, "मला चावलेलं कुठं कळतंय? पण पाय म्हणतोय, आता काढू नको."

पण मी तानीबाई! बघितल्याबिगर कसं राहीन? उजवी चप्पल त्यांच्या पायातनं काढून घेतली आणि तळ उलटा केला.

तळाला म्हशीचं जाड कातडं होतं. आणि त्याच्यावर तीन वण, शेजारी शेजारी.

मी त्यांच्यावरनं बोट फिरवलं. बायजी रेडकू असताना उसाच्या कुंपणातल्या काटेरी तारंत अडकली होती. तीन ओरखडं. महिनाभर मी हळद भरलेली. ते वण मी अंधारात हात फिरवून वळखले असते.

"भरमाण्णा, ह्ये तळाचं कातडं..."

"तुझंच हाय, आक्का. तू टाकून गेलतीस."

"अठरा वर्षं ठेवलंस?"

"दुसऱ्याची वस्तू. इकायची कशी? दरसाल तेल लावत होतो."

"मग पंचवीस दिवस तुझ्या दारात बसले, एकदा तरी दाखवायचं!"

"तू पायासाठी आलतीस," तो म्हटला. "त्यात ह्ये कशाला काढू?"

बाजाराच्या त्याच कोपऱ्यावर आमी उभं होतो, जिथं मी गुंडाळी फेकलेली. माझ्या डोळ्यांपुढं काही दिसंना. मी चप्पल डोक्यावर धरली आणि वरडले, "ऐका रं समदी! अठरा वर्षामागं हितंच मी ह्या माणसाला चोर म्हटलं. ह्ये बघा माझ्या म्हशीचं कातडं! त्यानं जपून ठेवलं. चोर तो न्हाय. त्याची अब्रू चोरणारी मी हाय, मी!"

लोक गोळा झालं. बाईच्या हातात चप्पल बघून त्यांना वाटलं म्हातारी कुणाला तरी हाणती. एक मिरचीवाली मधी पडायला आली. मी रडत होते, वरडत होते, आणि तोंड थांबायचं नाव घेईना.

तेवढ्यात भरमूनं माझं मनगट धरलं. "तानाक्का, बास. त्याचा पाय बघ."

मालक एका पायावर भार देऊन उभं होतं, भरमूच्या खांद्याला धरून. उजवा पाय उघडा दगडावर टेकू नये म्हणून भरमूनं स्वतःची चप्पल काढून त्याच्याखाली सारली होती, आणि तो म्हातारा स्वतः एका पायानं तापल्या दगडावर अनवाणी उभा होता.

मी खाली बसले. मालकांचा पाय मांडीवर घेतला, पदरानं पुसला आणि त्यांची चप्पल त्यांना घातली. मग भरमूची चप्पल उचलली, झटकली आणि त्याच्या पायाशी नेली. त्यानं पाय मागं घेतला. "आक्का, लोक बघत्यात."

"बघू देत," म्हटलं. "तवाबी बघत होती." आणि त्याचा पाय धरून मी चप्पल घातली.