घोंगड्याबाहेरची जागा

"चूक," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिलीने उत्तराभोवती हलकेच गोल केला. "अपेक्षा, याच जागी तू तिसऱ्यांदा अडकतेयस."

सांगलीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या प्रियदर्शनी मगदूम दर रविवारी सकाळी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत पदवीच्या शेवटच्या वर्षातली सहा-सात मुले गोळा करून त्यांच्याकडून विधी प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत. समोर सरावाची प्रश्नपत्रिका होती. आधी एक तत्त्व, मग एक प्रसंग, मग पर्याय. तत्त्व असे, की पाळीव जनावराने दुसऱ्याच्या जमिनीत शिरून नुकसान केल्यास त्याची जबाबदारी मालकाची. प्रसंगात 'अ' नावाच्या माणसाची मेंढरे 'ब' नावाच्या माणसाच्या शेतात शिरून तिथला पाला खाऊन गेली होती. 'अ' जबाबदार आहे का?

अपेक्षाने 'नाही'वर खूण केली होती.

"पण मॅडम, रान मोकळं होतं का उभं, ते दिलेलंच नाही. पीक निघून गेलेलं असलं तर मेंढरांनी पाला खाल्ला म्हणून कुणी भांडत नाही. उलट मेंढरं बसली की रानाला खत होतं. आमच्याकडं शेतकरी स्वतः बोलवायला येतात."

"मग त्या 'अ'ला फोन लावून विचार की," मागून राजवर्धन म्हणाला. "न्हाईतर मेंढरांचीच साक्ष काढ."

सगळे हसले. अपेक्षालाही हसू आले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी तो पदराला पुसला.

"हे बघ, प्रश्नात दिलंय तेवढंच जग. त्याच्या बाहेरचं काही आत आणायचं नाही. तू प्रश्न वाचायला लागलीस की तुझे आजोबा तुझ्या शेजारी येऊन बसतात. परीक्षेपुरतं त्यांना बाहेर बसव. त्यांचं खोटं आहे असं मी म्हणत नाही गं. पण अशा प्रश्नांचे गुण गेले, तर इथल्या कॉलेजातली जागाही जाईल."

अपेक्षाने मान हलवली. खिडकीबाहेर कडुलिंबाची पाने उन्हात चमकत होती, आणि 'बाहेर बसव' हे दोन शब्द तिच्या कानांत उगाचच घुमत राहिले.

कारण आबांना बाहेर बसलेले तिने एकदा पाहिले होते. जवळजवळ तीन वर्षांपूर्वी, ती पहिल्या वर्षाला असताना, नदीकाठच्या एका शेतकऱ्याने स्वतः येऊन त्यांची मेंढरे आपल्या रानात बसवायला बोलावली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच्या भावाने नुकसानीची तक्रार दिली. हरिबा आबा सकाळीच तहसील कचेरीत गेले आणि आवारातल्या झाडाखाली घोंगडे अंथरून बसले. अपेक्षा सोबत होती. दुपारी एकाने येऊन विचारले, "कागद हाय का कायतरी?" आबा म्हणाले, "त्येनं तोंडानं बोलावलं. ह्यो बघा, हुबा हाय तिकडं." बोलावणारा माणूस चहाच्या गाड्याशी मान खाली घालून उभा होता. कचेरी बंद होईपर्यंत आबांना कुणी आत बोलावले नाही. घोंगडे झटकून खांद्यावर टाकून ते चालू लागले, आणि त्यांच्या मागून चालतानाच अपेक्षाने आपण काय शिकायचे ते ठरवून टाकले.

आता परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. वसतिगृहातली खोली मे महिन्यापर्यंतच होती. "एकदा बस परीक्षेला," तिचे वडील अर्जुना म्हणाले होते. "जमलं तर शीक. न्हाईतर जूनपासनं शिरवळ." शिरवळच्या एका कंपनीत तिची आतेबहीण पॅकिंगला होती. तिने जागाही धरून ठेवली होती.

*

त्या रविवारी दुपारी अपेक्षा कुंडलला गेली. पूर्वेकडच्या त्यांच्या दुष्काळी गावातून निघालेला कळप हरभरा निघालेल्या एका रानात उतरला होता. एसटीतून उतरून बांधावरून चालताना तिला नेहमी वाटे, की आपण एका जागेपणातून दुसऱ्या, अधिक मऊ जागेपणात चाललो आहोत. ऊन पांढरे झाले होते. एकमेकांच्या पोटाखाली माना घालून मेंढरे उभी होती, आणि दुरून पाहिले तर सगळा कळप मिळून एकच काहीतरी श्वास घेत असल्यासारखा दिसत होता. लोकरीचा, लेंड्यांचा, तापलेल्या मातीचा वास तिच्यापर्यंत येऊन पोचला, आणि पाठ केलेली कलमे हळूहळू तिच्या डोक्यातून उतरून वाटेवर मागे राहिली.

बाभळीखाली आबांचे घोंगडे अंथरलेले होते. नुकताच कुणाचा तरी तंटा मिटला असावा, कारण आबा घोंगड्यावर नव्हते, समोर मातीत बसले होते. चाळीस वर्षे मेंढक्यांचे तंटे ते असेच मिटवत आले होते. कळप एकमेकांत मिसळले, पाण्याची पाळी चुकली, की आबांचे घोंगडे अंथरले जाई. भांडणाऱ्या दोघांनी एकाच घोंगड्यावर बसायचे. निकाल देणाऱ्याने घोंगड्याबाहेर, मातीत. लहानपणी तिने कारण विचारले होते, तेव्हा आबा म्हणाले होते, "घोंगड्याव बसला की मानूस बाजूचा हुतोय, अपे."

तिने त्यांना तो प्रश्न वाचून दाखवला.

"'ब'ला बोलीव," आबा म्हणाले. "त्येचं ऐकल्याबिगर कसं सांगू?"

"आवं आबा, 'ब' म्हंजे मानूस न्हाई. नुसतं अक्षर हाय ते."

"अक्षराचं रान मेंढरं खात्यात व्हय?" आबा खदखदून हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. मग डोळे पुसत त्यांनी तिच्याकडे पाहिले. "तुजं तोंड का उतारलंय?"

तिने सांगायचे नाही असे ठरवले होते. पण आबांपुढे काही राखून ठेवायची तिला सवय नव्हती. "मॅडम म्हनल्या, परीक्षेपुरतं तुमास्नी बाहेर बसवायचं. तुमी शेजारी बसला की माजं उत्तर चुकतंय."

आबांनी कळपाकडे पाहिले. एक कोकरू आईला चुकून इकडेतिकडे ओरडत होते. त्यांनी उठून त्याला आईजवळ सोडले.

"बाई शानी हाय," मग ते म्हणाले. "बसंन की मी बाहीर. मला सवं हाय त्येची. पर तू आत जा."

*

केंद्र साताऱ्याला आले होते. आबा हट्टाने सोबत निघाले. खांद्यावर घोंगडे, डोक्याला लाल पटका. पहाटेच्या एसटीत अपेक्षाला डुलकी लागली. झोपेतच तिला वाटले, की उंब्रजजवळ महामार्गाच्या कडेने मेंढरे चालली आहेत, एकेकाच्या पाठीवर एकेक अक्षर लिहिलेले आहे, आणि आबा काठीने अक्षरे वळवीत आहेत. जाग आली तेव्हा काचेबाहेर उसाचे फड धुक्यात उभे होते आणि आबा खरोखरच काठी गुडघ्यांत धरून बसले होते.

"कवाची झोपलीयास. मी वाटंतली समदी गावं मोजली," ते म्हणाले.

फाटकाशी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पलीकडे कुंपणालगत एक वड होता. त्याच्या सावलीत त्यांनी घोंगडे अंथरले आणि ते बसले. वळून पाहायचे नाही असे ठरवूनही तिने वळून पाहिले.

आत गारवा होता. पडद्यावरचे प्रश्न एकामागून एक येत होते आणि ती त्यांच्यातून शांतपणे चालत होती. मध्येच तो प्रश्न आला. या वेळी मेंढरे नव्हती. कुणा 'क्ष'ची गुरे कुंपणातून शिरून कुणा 'य'चा मका खाऊन गेली होती. तत्त्व तेच. वाचता वाचता तिला लोकरीचा वास आला. शेजारच्या रिकाम्या जागेत कुणीतरी मांडी घालून बसल्यासारखे वाटले. कुंपण कुणी मोडले, असे कुणीतरी हळूच विचारले. तिने नजर पडद्यावरच ठेवली. वाट पाहिली. मग जो बसला होता तो आपणहून उठला, घोंगडे झटकून खांद्यावर टाकले आणि पावलांचा आवाज न करता दाराकडे गेला. तिने 'जबाबदार आहे'वर खूण केली. पुढचा प्रश्न आला. तोही तिला आला, आणि त्याच्या पुढचाही.

बाहेर पडली तेव्हा उन्हे चढली होती. फाटकाशी मुलांचा गलबला होता. पेपर चांगला गेला होता; इतका चांगला, की तिला आनंद व्हायला थोडा वेळ लागत होता.

"काय इचारलं?" ती वडाखाली पोचताच आबा म्हणाले.

तिने गुरांचा प्रश्न सांगितला.

"कुंपान कुनी मोडलंवतं?"

"दिलं नव्हतं, आबा."

"मका केवढा हुता?"

"ते बी नव्हतं."

"मग काय लिवलंस?"

"मालक जबाबदार."

आबा अजिंक्यताऱ्याकडे पाहत होते. डोंगरावर ढगाची सावली सरकत होती. "बराबर आसंल," ते सावकाश म्हणाले. "पेपरापुरतं." आणि मग, "लागंल का नंबर?"

"लागेल असं वाटतंय."

त्यांनी मान हलवली. अपेक्षा लहानपणापासूनच्या सवयीने चपला काढून त्यांच्या शेजारी घोंगड्यावर बसू लागली, तेव्हा आबांनी तळहात आडवा धरला.

"हितं न्हाई. हितं मी बसलोय." त्यांनी समोरच्या मातीकडे बोट केले. "तू तकडं."

तिला क्षणभर कळले नाही. मग कळले, आणि ती घोंगड्याबाहेर मातीत बसली. नव्या ड्रेसला लाल धूळ लागली. येणारीजाणारी मुले वळून पाहत होती. आबांनी पटका सारखा केला, गुडघे जवळ घेतले. त्यांच्यासमोर आजवर बसलेली माणसे जशी बसत, अगदी तसे ते बसले.

"हां. आता ऐक," ते म्हणाले. "तीन वर्सामागं नदीकडच्या त्या मानसानं आमास्नी तोंडानं बोलावलंवतं. मेंढरं माजी हुती. रान त्येचं हुतं."

अपेक्षाने हॉल तिकीट उलटे करून मातीवर ठेवले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला.

"रान मोकळं हुतं का उभं?" तिने विचारले.

तीन वर्षांत आबांना हे कुणी विचारले नव्हते. त्यांनी घोंगड्याच्या शेजारच्या अर्ध्या भागाकडे पाहिले, जिथे त्या दुसऱ्या माणसाने बसायचे असते, आणि तिथल्या सुरकुत्या तळहाताने हळूहळू सारख्या केल्या.