लीलाबाईची पात

पिशोरमध्ये माझ्या सासूबाईंच्या निंदणीचं नाव आहे. बायका रानात ओळीनं बसल्या की प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. लीलाबाई पात धरून पुढं गेल्या की मागं पिकाशिवाय हिरवं काही उरत नाही. शेतकरी आधी त्यांना सांगावा धाडतात, मग बाकीच्या बायका ठरवतात. त्या नावाचा मलाही अभिमान होता. मागच्या भादव्यात मात्र त्याच नावाचा मला इतका संताप आला की त्या रात्री मी जेवले नाही.

गावामागच्या गायरानाच्या उतारावर भुईआवळा येतो. कावीळ झाली की ज्याचा रस देतात तोच, पानांखाली बारीक फळांची रांग असलेला. पूर्वी तो प्रत्येक शेतात असायचा आणि बायका त्याला तण म्हणून उपटून बांधावर फेकायच्या. आता सगळे तणनाशक मारतात. शेतातला भुईआवळा संपला, आणि कुठं उगवलाच तर तो औषधाला घ्यायची कुणाची छाती होत नाही. उतार तेवढा बिनफवारणीचा राहिला. पडेगावला भानुमतीताई आयुर्वेदिक चूर्णं बनवतात. त्यांना असाच माल हवा होता, तोही सावलीत वाळवलेला. म्हणून मी वस्तीतल्या बायकांचा गट केला आणि ग्रामसभेत उतार मागितला.

मागितला म्हणजे भांडून घेतला. सरपंचांना तिथला मुरूम रस्त्यासाठी हवा होता. शेवटी ते म्हणाले, "वर्षभर घ्या. पुढच्या भादव्यात बघायला येतो. औषधी दिसली तर उतार तुमचा. नाय दिसली तर पोकलेन लावतो." सभा हसली. मी शहरातल्या छावणीच्या बाजारात वाढलेली, लोक हसले म्हणून खाली बसायची सवय मला नाही. म्हणाले, "या. मी स्वतः बोलवायला येईन."

काढणीच्या दिवशी मला पडेगावला जावं लागलं. निघण्याआधी मी सगळ्यांना उतारावर उभं करून सांगितलं. तीन रोपं दिसली की एक घ्यायचं, दोन ठेवायची. फळांनी लगडलेल्या मोठ्या रोपाला तर हातच लावायचा नाही, ते पुढच्या वर्षाचं बियाणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी सगळ्यांत जोरात डोलावली.

संध्याकाळी एसटीतून उतरले तर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर हिरवागार ढीग आणि ढिगामागं बायका, शाबासकीची वाट बघत बसलेल्या. तिसऱ्या हिश्श्याचा एवढा ढीग होत नाही. तशीच उतारावर गेले. गवत उभं होतं. भुईआवळ्याचं एक रोप नव्हतं.

परत आले तेव्हा माझा आवाज चढलेलाच होता. "आत्याबाई, दोन ठेवायची होती ना?"

"ठिवली व्हती की," त्या म्हणाल्या. "पार वरपत्तुर ठिवत गेले. मंग मागं वळून बघितलं, तर पात लई घाण दिसायली. राहवलंच नाय. खाली आले अन् साफ केली."

शेजारची रत्नमाला म्हणाली, "त्या साफ करायल्या म्हणून आम्हीबी केली. त्यांची पात साफ अन् आमची घाण, लोक काय म्हणतेन?"

"कोण लोक? तिथं शेळ्यांशिवाय कोण फिरकतं?"

सासूबाई आपल्या हाताकडं बघत म्हणाल्या, "जलमभर ह्योच हात चाललाय, विशाखा. ह्याला कसं कळावं, कालचं तण आज औषध झालं ते?"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. उतार गेला, असंच मला वाटलं. पण उपटलेला माल तरी कुजवून चालणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी वस्तीतून बाजा गोळा करून आणल्या. विहाराच्या पडवीत वारा येतो, ऊन येत नाही. तिथं बाजा मांडून त्यांच्या विणीवर आम्ही रोपं पातळ पसरली. उन्हात टाकली असती तर पाला पिवळा पडला असता आणि भानुमतीताईंनी दारातूनच परत पाठवला असता.

सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, मी त्यांच्याशी बोलत नव्हते. रोपं उलटायची आणि खालची फरशी झाडायची, एवढंच काम चाललं होतं. झाडता झाडता एकदा बाजेखालून बारीक तडतड ऐकू आली. काहीतरी माझ्या पायावर उडालं. केरात बघितलं तर खसखशीपेक्षा लहान, तांबूस कण. वाळता वाळता फळं फुटत होती आणि बी उडत होतं. आदल्या दिवशीचा केर मी स्वतःच्या हातानं नाल्यात टाकला होता. साफसफाईची खोड काही एकट्या लीलाबाईंना नव्हती.

मी सुपली तशीच त्यांच्यासमोर धरली. त्यांनी कण बोटावर घेतले, डोळ्याजवळ नेले. "लुगडी आण," म्हणाल्या. "जुनी, मऊ. समद्यांकडून आण."

प्रत्येक बाजेखाली लुगडं अंथरलं, कडा विटांवर उचलून धरल्या. सकाळपासून सासूबाई तिथंच बसायच्या. दुसऱ्याच्या रानात निंदायला बोलावणं आलं तर "काम हाय" म्हणून सांगायच्या. त्यांच्या तोंडून असा नकार गावानं पहिल्यांदाच ऐकला.

मधेच भानुमतीताईंचा फोन आला. "विशाखा, माल आज पाठव. जास्त वाळला की पानं गळतात, मग मला त्याचा उपयोग नाही."

"पानं गळाली तरी लुगड्यावर गळतील, ताई. मातीत नाही. चाळून देते. पण बी पडल्याशिवाय एक काडी हलणार नाही."

"माझ्या मागण्या अडकल्या आहेत गं. मी दुसरीकडून घेऊ का?"

"घ्या."

बोलून गेले, आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बिनफवारणीचा दुसरीकडं मिळाला असता तर तुझ्याकडं आले असते का? चाळून दे. पण पान हिरवं राहू दे." ते राहिलं. चाळणीवर पान आणि खाली बी, असं आम्ही मुठीमुठीनं वेगळं केलं.

निम्मी फळं कोवळीच उपटली गेली होती, ती फुटलीच नाहीत. सगळं मिळून लोणच्याच्या बरणीचा तळ झाकेल एवढंच बी निघालं. सासूबाईंनी ते राखेत कालवून फळीवर ठेवलं आणि उन्हाळाभर त्या बरणीला मलाही हात लावू दिला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांनी तीळ पेरताना मिसळतात तशी बारीक माती त्यात मिसळली. मी शेळ्या अडवायला खालच्या बाजूनं बाभळीच्या काट्या लावल्या. बी मात्र त्यांनी एकटीनं टाकलं. कुणी मदतीला गेलं की म्हणायच्या, "ज्यानं उपटलं त्यानंच लावायचं."

भादवा लागला तशी मी बोलल्याप्रमाणं सरपंचांच्या दारात गेले. ते चार माणसं घेऊन आले. उतारावर भुईआवळा होता. विरळ होता, पण होता, आणि खालपासून वरपर्यंत सरळ तासांत, पेरलेल्या पिकासारखा ओळीनं उभा होता. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला बी विस्कटून टाकायला जमलंच नव्हतं.

"जंगली औषध असं तासात उगवतं व्हय?" एक जण म्हणाला, आणि मंडळी हसली. मी तोंड उघडणार तोच सासूबाई पुढं झाल्या.

"मी लावलंय. औंदा दिसतंय ते माझ्या हातचं हाय. अन् मागच्या साली समदं उपटलं व्हतं तेबी ह्याच हातानं."

सरपंचांनी वाकून एक पान उलटं केलं, फळांची रांग बघितली. "औषधी दिसली तर म्हणालो होतो," ते म्हणाले. "दिसली." आणि माणसं घेऊन उतरून गेले.

काढणीला पहिली पात सासूबाईंनी धरली. मी मागं मागं होते. एक घेतलं, दोन ठेवली. प्रत्येक ठेवलेल्या रोपाशी त्यांचा हात जरा घुटमळायचा, मग पुढं जायचा. वर पोचल्यावर त्या उताराकडं पाठ करूनच उभ्या राहिल्या.

"वळून बघू नका," मी म्हणाले.

त्या वळल्याच. सगळा उतार बघितला. गावातली सगळ्यांत घाण पात त्यांची होती.

"लई वंगाळ दिसायलं," त्या म्हणाल्या, आणि हातातलं खुरपं माझ्याकडं दिलं. "धर. हे माझ्यापाशी राहिलं तर मी परत साफ करीन."

मग लुगडं वर खोचून, एकेका रोपाला चुकवत, त्या रिकाम्या हातांनी आपल्या पातीतून खाली उतरल्या.